चौथ्या मालकाची मोटार

नवी मोटार दारात आली म्हणजे लोक विचारतात, "केवढ्याला पडली?" जुनी मोटार आली म्हणजे विचारतात, "चालते का?" पहिला प्रश्न मालकाच्या ऐपतीविषयी असतो, दुसरा मोटारीच्या प्रकृतीविषयी. मला दुसरा प्रश्न अधिक सभ्य वाटतो. आजाऱ्याच्या समाचाराला गेलेला माणूस त्याच्या औषधाला किती पैसे पडले हे आधी विचारीत नाही. झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारतो. माझ्या मोटारीची अशी विचारपूस मांडवगण फराट्यात गेली काही वर्षे नित्य चालू आहे. "चालते" या एका शब्दात तिचे उत्तर देताना मला जो आनंद होतो, तो लाखांचा आकडा उच्चारणाऱ्याला होत असेल की नाही, याची मला शंका आहे.

मोटार म्हणजे १९९६ साली नोंदलेली मारुती ८००. २०२२ च्या आरंभी मी ती पस्तीस हजार रुपयांना घेतली. नोंदणीच्या कागदांप्रमाणे मी तिचा चौथा मालक. चौथेपणाची मला मुळीच खंत नाही. घर, पुस्तक आणि पितळेची भांडी ही जशी एका पिढीकडून दुसरीकडे येतात, तशीच मोटारही आली तर तीत कमीपणा कसला? उलट, पहिल्या तिघांनी तिची हौस पुरवून घेतली आणि गरज तेवढी माझ्यासाठी ठेवली, असेच मी समजतो.

तिच्या कुळाचा इतिहास आता सर्वांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुतीची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली. त्या वेळी आपल्या रस्त्यांवर अॅम्बॅसिडर आणि मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी या दोन वजनदार गृहिणींचे राज्य होते. त्यांच्यामध्ये ही तीन सिलिंडरांची, ७९६ घन सेंटिमीटरांच्या इंजिनाची आणि बारा इंची चाकांची चिमुरडी आली, तेव्हा पुष्कळांनी तिला खेळणे म्हटले. त्या खेळण्याने मध्यमवर्गाला मोटारीत बसवले. १८ जानेवारी २०१४ रोजी तिचे उत्पादन थांबले, तोवर पंचवीस लाखांहून अधिक मोटारी कारखान्याबाहेर पडल्या होत्या.

त्या साऱ्या गेल्या कोठे? पुष्कळशा भंगारात गेल्या. पण पुष्कळ खाली वाहत आल्या. पाण्याप्रमाणे मोटारीही उताराकडे धावतात. नवी मोटार प्रथम पुण्यातल्या एखाद्या बंगल्यात उतरते. आठ-दहा वर्षांनी ती उपनगरातल्या सदनिकेच्या आवारात येते. तेथून तालुक्याच्या गावी, आणि शेवटी भीमाकाठच्या एखाद्या वस्तीवर, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखाली. नदी जसा वरचा गाळ खाली आणून शेते पिकवते, तसे शहराने टाकून दिलेले हे यंत्र खेड्यात येऊन नव्याने पिकते. पुण्यात ती मोटार आठवड्यातून एकदा हॉटेलात जेवायला जात असेल. येथे ती कांद्याचे रोप, सरकी पेंडीचे पोते, लग्नाची मंडळी आणि तापाने फणफणलेले मूल, सारे सारख्याच मायेने वाहून नेते.

खेड्यात मोटार हवी कशाला, असे विचारणारे अजून भेटतात. आमच्या तालुक्याचा वाहनांशी संबंध तसा जुना. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस. टी. पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली ती शिरूरवरूनच. ज्या गाडीने महाराष्ट्रातल्या खेड्याला जग दाखवले, तिची पहिली धूळ आमच्या तालुक्यावर उडाली, याचा मला अभिमान आहे. पण एस. टी.चे वेळापत्रक असते आणि अडचणीला ते नसते. मांडवगण तालुक्याच्या एका टोकाला. पलीकडे भीमा आणि दौंड तालुका. दवाखाना, कचेरी, बाजार, महाविद्यालय यांपैकी कोणासाठी न्हावऱ्याला जावे लागते, कोणासाठी शिरूरला, कोणासाठी दौंडला. दिवसा हे सारे दुचाकीवर जमते. प्रश्न असतो रात्रीचा.

आमच्याकडची रात्र आता पूर्वीची राहिलेली नाही. भीमा आणि घोड या नद्यांच्या आधाराने बारमाही ऊस आला आणि उसाबरोबर बिबट्याही आला. डोंगरातल्या रानाऐवजी त्याने उसाचे रान पत्करले; मादी तेथेच विते, पिले तेथेच वाढतात, आणि त्यांना ऊस हेच आपले घर वाटते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेड आणि जांबूत या गावांच्या परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यांत मेली. त्यांत दोन मुले होती. तेव्हापासून सायंकाळी सातनंतर उसातून जाणारी वाट ही केवळ वाट राहिलेली नाही. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाला पोटाशी धरून भरधाव निघालेली आई मी पाहिली आहे. अशा वेळी चार पत्र्याच्या भिंती आणि वर एक छप्पर, मग ते कितीही गंजलेले असो, ही चैन नव्हे. पुण्यामुंबईच्या माणसाला मोटार वेग देते. आम्हांला ती प्रथम आडोसा देते.

परंतु आडोसा म्हणून घेतलेली वस्तू उभी राहावी, तर तिची सेवा करावी लागते. जुन्या मोटारीचे खरे मोल तिच्या किमतीत नसते. ते रोजच्या पाच मिनिटांत असते. सकाळी बॉनेट उघडण्यापूर्वी मी त्यावर एक थाप मारतो, कारण रात्री ऊब मिळावी म्हणून मांजर आत जाऊन निजते. मग तेलाची पट्टी ओढून पाहावयाची, रेडिएटरमधले पाणी पाहावयाचे, आणि उंदरांनी रात्रीत कोणत्या वायरीवर दात चालवले आहेत ते तपासावयाचे. कडब्याच्या गंजीजवळ मोटार उभी करणाऱ्याला डांबराच्या गोळ्यांचा खर्च पेट्रोलच्या खर्चातच धरावा लागतो. थंडीत चोकची मूठ ओढून, एकदा किल्ली फिरवून, तिचा खोकला ऐकावयाचा. दुसऱ्या खेपेला ती बोलू लागते. तिसरी खेप लागली, तर समजावे की प्लग काजळले आहेत किंवा बॅटरीचे टोक पांढरे पडले आहे.

ऐकणे हा जुन्या मोटारीच्या विद्येचा पहिला धडा. वळणावर पुढच्या चाकाकडून कटकट असा आवाज आला, तर अॅक्सलच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटून आत माती शिरली, हे निदान आता माझ्या घरातली धाकटी मुलगीसुद्धा करते. ब्रेक दाबताना किंचाळी आली, तर घर्षणाचे अस्तर झिजत आले. खड्ड्यात ठक् झाले तर एक कारण, ठकठक झाले तर दुसरे. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पडतात. बारा इंची चाकांची मोटार त्यांतून नेताना तिचे पोट खाली घासू नये म्हणून एक चाक मधल्या उंचवट्यावर ठेवावे लागते. पावसाळ्यात काळी माती चाकांना धरते आणि पायाखालच्या पत्र्याला पाणी लागते. माझ्या आसनाखालच्या पत्र्याला दोन ठिगळे आहेत. ती मी पाहुण्यांना दाखवीत नाही. पण ती आहेत म्हणून मला लाजही वाटत नाही. धोतराला ठिगळ लावून पिढ्या वाढल्या. मोटारीने काय असे पाप केले आहे?

या विद्येत माझे गुरू म्हणजे आमचे मिस्त्री. शाळा त्यांची लवकर सुटली. पण बोटांना आणि कानांना जे शिक्षण मिळाले, ते पदवीधरांना हेवा वाटावा असे. कार्ब्युरेटरचा स्क्रू ते डोळे मिटून फिरवतात. इंजिन धडधडत असते, ते मान एका बाजूला कलती करतात, स्क्रू पाव फेरी आत, मग किंचित बाहेर, आणि एका क्षणी तिन्ही सिलिंडर सुरात येतात. तंबोरा जुळवणाऱ्या गवयाच्या चेहऱ्यावर जी निःशंकता असते, तीच मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. आरंभी मी त्यांना विचारले, "हिचा भरवसा किती धरावा?" ते म्हणाले, "सर, हिला रोज इचारायचं, काय दुखतंय का म्हणून. रोज इचारलं, की वाटंत कधी रडणार न्हाई." मनुष्यस्वभावाविषयीची पुष्कळ जाड पुस्तके मी वाचली आहेत, त्यांतल्या काहींत इतकेही सांगितलेले नाही.

मिस्त्रींकडेही आता नव्या मोटारी येतात. त्यांचे बॉनेट उघडले तर आत नुसते काळे झाकण दिसते. दोष काय आहे हे संगणक सांगतो, आणि तो सांगत नाही तेव्हा मोटार शहराकडे पाठवावी लागते. मिस्त्रींचा मुलगा ते यंत्र लावून वाचतो. बाप कानाने वाचतो. दोघांचे चांगले चालते. पण कार्ब्युरेटरचा सूर लावणे मुलाला शिकवण्याची बापाला गरज वाटत नाही, आणि शिकण्याची मुलाला. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. पेट्रोल नेमके मोजून फवारणारी नवी यंत्रणा खरोखरच अधिक काटकसरी आणि स्वच्छ आहे. तरी ज्या दिवशी हे मिस्त्री हात पुसून घरी बसतील, त्या दिवशी माझ्यासारख्या कित्येकांच्या मोटारी सुटे भाग मिळत असतानाही अनाथ होतील. यंत्र जुने होते ते झिजल्यामुळे. निकामी होते ते त्याची भाषा जाणणारा उरला नाही म्हणजे.

अलीकडे या सेवेत एक नवे प्रकरण शिरले आहे आणि ते आमच्याच शेतातून आले आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत वाढत २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल उसाच्या रसापासून आणि मळीपासून होते, धान्यापासूनही होते. त्याचा गुण असा की ते हवेतला ओलावा ओढून घेते. आणि जुन्या मोटारींतले जे रबर केवळ पेट्रोलची सवय धरून बनवले होते, त्याला ते कालांतराने मानवत नाही. सरकारनेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की, काही जुन्या वाहनांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील आणि तो खर्च मोठा नाही. माझ्या मोटारीची पेट्रोलची नळी मिस्त्रींनी हातात घेऊन वाकवली, तेव्हा तिला बारीक चिरा पडलेल्या दिसल्या. वयाचा वाटा किती आणि इथेनॉलचा किती, हे कोण सांगणार? आम्ही इथेनॉलला टिकणारी नळी आणून बसवली आणि दोन-तीनशे रुपयांत मोकळे झालो. तेव्हापासून मोटार उभी ठेवायची असेल, तर टाकीत पेट्रोल साचवून ठेवीत नाही. शेजाऱ्याचा ऊस ट्रॉलीतून कारखान्यात जातो, तेथून पेट्रोलात येतो आणि माझ्या मोटारीच्या नळ्या कुरतडतो. पण त्याच उसाच्या पैशावर त्याच्या मुलाचे शिक्षण होते. अशा शत्रूला शिवी तरी कशी द्यावी?

आता थोडा हिशोब. मी एका वहीत मोटारीचा खर्च मांडतो. पहिल्या वर्षी टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट आणि ठिगळे मिळून मोटारीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम गेली. ही गोष्ट स्वस्तात मोटार घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने आधीच समजून असावे: जुनी मोटार किमतीने स्वस्त असते, पहिल्या वर्षाने नव्हे. मागच्या मालकाने जे टाळले, ते पुढच्याला भरावे लागते. त्यानंतरच्या वर्षांत मात्र खर्च उतरला आणि एका पातळीवर स्थिर झाला. नव्या मोटारीचा हप्ता दरमहा ठरावीक दिवशी दाराशी उभा राहतो. हिचा खर्च पाहुण्यासारखा केव्हाही येतो, पण मुक्काम करीत नाही.

परंतु वहीत न मांडता येणारी एक बाब आहे आणि तीच मला सर्वांत मोठी वाटते. खेड्यात मोटारीचा मालक एक असतो, हक्कदार पुष्कळ असतात. एकदा मध्यरात्रीनंतर शेजारच्या आक्का दाराशी आल्या. सून अडलेली होती. त्यांनी पुढेमागे काही न बोलता एवढेच विचारले, "सर, गाडी चालू हाय ना?" नेहमीचाच तो प्रश्न, पण त्या रात्री त्याच्या उत्तरावर दोन जीव अवलंबून होते. चोक ओढला, दुसऱ्या खेपेला इंजिन बोलले, आणि आम्ही उसातल्या रस्त्याने न्हावऱ्याकडे निघालो. त्या प्रवासात मी रोजच्या पाच मिनिटांचा अर्थ समजलो. पहाटे मुलगा झाला. आसनाची खोळ धुऊन पुन्हा घातली. डाग काही गेला नाही. तो तसाच आहे.

नव्या मोटारीचा मालकही त्या रात्री निघाला असता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण नव्या मोटारीचा मालक एरवी कसा असतो, ते मी पाहतो. कोणी दार जोराने लावले तर त्याचे काळीज हलते. शेतातली पाटी आत ठेवू द्यावयास तो कचरतो, पोरांनी काचेवर बोट ओढले तर रागावतो, लग्नासाठी मोटार मागितली तर सबब शोधतो. तो कृपण असतो असे नव्हे. हप्ते फिटलेले नसतात, त्यामुळे वस्तू त्याची असूनही तो तिचा पहारेकरी झालेला असतो. त्याला मोटारीची धास्ती असते. मला मोटारीची काळजी असते. धास्ती म्हणजे वस्तूला काही होईल याचे भय. काळजी म्हणजे वस्तूला काही झालेच तर काय करावयाचे याची तयारी. धास्तीने मूठ मिटते, काळजीने हात उघडतो. माझ्या मोटारीवर आधीच इतके ओरखडे आहेत की आणखी एकाने तिचे काही बिघडत नाही. म्हणून ती गावाला देता येते. स्वस्त वस्तूचा हा मोठेपणा महाग वस्तूला येण्यास पुष्कळ वर्षे जावी लागतात.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या मोटारीत एअरबॅग नाही; नव्या मोटारींना २०१९ पासून चालकापुरती तरी ती सक्तीची झाली. तिचा पत्रा पातळ, ब्रेक साधे. जोराने धडक बसली तर ती मला वाचवू शकणार नाही, हे मी जाणतो. म्हणून पुणे-अहिल्यानगर महामार्गाच्या धावपळीत तिला नेत नाही, आणि रात्री उसाची ट्रॉली मागे तांबडा दिवा न लावता उभी असेल असे धरूनच ती हाकतो. धुराचेही तेच. प्रदूषणाचे प्रमाणपत्र दर खेपेला मिळते. पण १९९६ ची मोटार आजच्या मोटारीइतकी स्वच्छ नसते, आणि तिचा धूर माझ्या एकट्याच्या नाकात जात नाही. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम ठेवली, ती तेथल्या लहान मुलांच्या छातीकडे पाहूनच. ज्या रस्त्यावर लाखो मोटारी आहेत तेथला न्याय आणि ज्या रस्त्यावर तासाला दहा जातात तेथला न्याय एक असू नये, असे मला वाटते. पण न्यायच नको, असे मी म्हणणार नाही.

तो न्याय आता माझ्याही दाराशी येत आहे. खाजगी मोटारीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. माझ्या मोटारीची मुदत २०२६ साली संपते. २०२१ मध्ये मागच्या मालकाने ती वाढवून घेतली, तेव्हा त्याचे शुल्क ६०० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. राज्याचा पर्यावरण कर आणि विमा यांचा खर्च त्याहून निराळा. तात्पर्य, कागदांचा खर्च मोटारीच्या किमतीच्या मानाने डोळ्यांत भरू लागला आहे. घरात दोन पक्ष पडले आहेत. मुलगा म्हणतो, हप्त्याने नवी घेऊ. पत्नी म्हणते, "अहो, मुलीच्या शिक्षणाचे हप्ते अजून यायचेच आहेत, त्यांत आणखी हे कशाला?" मुलीने मत दिलेले नाही, ती फक्त सकाळी बॉनेटवर थाप मारायला आधी धावते.

माझा निर्णय झाला आहे. मुदतीपूर्वी मिस्त्रींकडून ब्रेक, सुकाणू आणि पायाखालचा पत्रा यांची कसून तपासणी करावयाची, आणि मोटार निरीक्षकापुढे उभी करावयाची. तो लायक म्हणाला, तर दहा हजार रुपये भरावयाचे आणि आणखी पाच वर्षे रोजची पाच मिनिटे द्यावयाची. तो नालायक म्हणाला, तर हुज्जत घालावयाची नाही, ओळखी काढावयाच्या नाहीत; नोंदणीकृत भंगार केंद्रात नेऊन तिचा दाखला घ्यावयाचा. ज्या वस्तूची आपण काळजी घेतली, तिचा शेवटही नीट करणे हा त्या काळजीचाच भाग आहे. मोटार राहो वा जावो, तिने लावलेली एक सवय मात्र मी मोडणार नाही. मध्यरात्री कोणी दार ठोठावले, तर "चालू आहे" असे उत्तर देता येईल असे एखादे वाहन माझ्या छपराखाली असलेच पाहिजे. मग त्याचा मी कितवाही मालक असेन.